टास्क मॅनेजर उघडला की पंखा गप्प

आमच्या घरी नवा कॉम्प्युटर आला तो सात खोक्यांतून. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅमच्या दोन पट्ट्या, एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट आणि मॉनिटर. मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तयार कॉम्प्युटर घेण्यापेक्षा सुटे भाग आणून घरीच जोडला तर त्याच पैशात चांगला माल बसतो, असे तो महिनाभर आमच्या मागे लागून सांगत होता. पैसे मात्र त्याचे नव्हते. काही भिशीचे होते आणि बाकीचे मोठ्या मुलीने दोन वर्षांत साठवलेले. ती घरबसल्या डीटीपीची कामे घेते. लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, दुकानांचे फलक. मराठीतही आणि उर्दूतही. तिचा जुना लॅपटॉप एक फाइल उघडेपर्यंत चहा होऊन जायचा.

मॉनिटर धरून खर्च चाळीस हजारांच्या थोडा पुढे गेला. एका रविवारी बाहेरच्या खोलीत चटई अंथरून, दादींच्या देखरेखीखाली, मुलाने चार तासांत सगळे जोडले. पहिल्याच खेपेला स्क्रीनवर अक्षरे उमटली. दादींनी लगेच पेढे आणायला पाठवले.

आनंद रात्रीपर्यंतच टिकला. विंडोज टाकून झाली, जुन्या लॅपटॉपवरच्या फाइली नव्यावर घेतल्या आणि कॉम्प्युटर अडखळू लागला. माउस थांबत थांबत सरकायचा, पंखा घोंघावायचा. टास्क मॅनेजरमध्ये पाहिले तर प्रोसेसरचा वापर शंभर टक्के. नवा कोरा कॉम्प्युटर आणि पहिल्याच रात्री धाप लागलेली! आमची पहिली नजर मुलाकडे गेली. पुढचे तीन आठवडे ती तिथेच राहिली, आणि त्याबद्दल आम्हाला पुढे काही सांगायचे आहे.

आधी हा आकडा म्हणजे काय ते पाहू, कारण आम्हालाही तो समजायला वेळ लागला. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात सीपीयू असे लिहिलेल्या रकान्याच्या डोक्यावर एकदा क्लिक केले की सगळ्यांत जास्त काम घेणारा प्रोग्राम वर येतो. आमच्याकडचा प्रोसेसर रायझन ५ ५६००जी. त्यात सहा कोअर आहेत आणि प्रत्येक कोअर एका वेळी कामाचे दोन धागे सांभाळतो, म्हणून विंडोजला तिथे बारा कामकरी दिसतात. टक्केवारी ही या बाराजणांची मिळून असते. यातून एक गंमत निघते. एखादा प्रोग्राम अडकून एकाच धाग्यावर गोल गोल फिरत राहिला, तर शंभराला बाराने भागून आकडा येतो जेमतेम आठ टक्के. आठ म्हणजे काहीच नाही असे वाटते, पण तो प्रोग्राम पुरता अडकलेला असतो. उलट व्हिडिओ तयार करताना किंवा मोठी फाइल झिप करताना शंभर टक्के दिसले तर घाबरण्यासारखे काही नाही. बाराही जण कामाला लागले आहेत, त्यासाठीच तर पैसे मोजले. पाहायचे ते इतकेच, की कोण खातो आहे आणि कोणी काही करत नसतानाही खातो आहे का.

हे कळण्याआधी आम्ही एक फजिती करून घेतली. टास्क मॅनेजरच्या डिटेल्स या पानावर ‘सिस्टिम आयडल प्रोसेस’ नावाची एक ओळ असते. तिच्यापुढे ९६ दिसले. चोर सापडला म्हणून आम्ही पुण्याला मामूंना फोन लावला. मामूंनीही छातीठोकपणे सांगितले, ‘‘तो एंड टास्क करून टाका.’’ तो होईना. मुलगा कॉलेजातून आला आणि त्याने डोक्याला हात लावला. ती ओळ म्हणजे प्रोसेसर किती रिकामा बसला आहे त्याचा हिशोब. तिथे ९६ असणे ही चांगली बातमी! मामूंना हे आम्ही अजून सांगितलेले नाही.

पहिल्या रात्रीच्या शंभर टक्क्यांचे कारण अगदी साधे निघाले. नवी विंडोज टाकली की ती घर लावायला घेते. अपडेट उतरवून बसवणे सुरू असते. यादीत त्याचे नाव ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर’ असे दिसते. आपण कॉपी केलेली प्रत्येक फाइल विंडोजचे स्वतःचे अँटिव्हायरस, म्हणजे डिफेंडर, तपासते. त्याचे नाव ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’. शोधायला सोपे जावे म्हणून सर्च इंडेक्सर त्याच फाइलींची सूची करत असतो. मुलीच्या फाइली साठ जीबीच्या वर होत्या, त्यात हजारो फोटो. सगळी कामे एकाच वेळी निघाली होती. अशा वेळी वैतागून डिफेंडर बंद करू नये, की मधेच कॉम्प्युटर बंद करू नये. तो मध्येच बंद केला की उरलेले काम पुढच्या वेळी पुन्हा पुढ्यात येते. आम्ही तो रात्रभर सुरू ठेवला. सकाळी आकडा तीनवर होता.

दुसरी अडचण व्हिडिओची. यूट्यूबवर साधा व्हिडिओ लावला तरी वापर सत्तरच्या पुढे जायचा. मुलाने डिव्हाइस मॅनेजर उघडून दाखवला. ग्राफिक्सच्या जागी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अॅडॉप्टर’ असे नाव होते. म्हणजे प्रोसेसरमध्ये चित्रासाठी वेगळा भाग आहे, पण त्याचा ड्रायव्हर बसलेला नाही, म्हणून तो भाग झोपलेला आणि त्याचे काम बाकीच्यांच्या अंगावर. एएमडीच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवला, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला आणि तोच व्हिडिओ चार-पाच टक्क्यांत चालू लागला. नवा कॉम्प्युटर जोडणाऱ्यांपैकी बरेच जण हे विसरतात. मदरबोर्डच्या चिपसेटचा ड्रायव्हरही याच वेळी टाकून घ्यावा. खोक्यात आलेली डीव्हीडी असली तर ती कपाटात राहू दे. तिच्यातले ड्रायव्हर जुने असतात आणि आता डीव्हीडी वाचायची सोय असते कुणाकडे?

पहिला आठवडा असा गेला. मुलीचे काम सुरळीत सुरू झाले. एका शाळेच्या स्मरणिकेचे ८४ पानांचे काम तिने घेतले, वार्षिक संमेलनाच्या आत द्यायचे होते. त्यासाठी तिला डिझाइनचे एक सॉफ्टवेअर हवे होते. विकत घ्यायचे तर किंमत आमच्या आवाक्याबाहेरची. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांकडे ते पेनड्राइव्हवर होते, ‘फुल व्हर्जन’. पेनड्राइव्ह आम्हीच मागून आणला. त्यातल्या सूचनांच्या फाइलीत पहिलीच ओळ होती, आधी अँटिव्हायरस बंद करा. मुलगा म्हणाला, ‘‘अब्बा, हे नको. जो माणूस दार उघडं ठेव म्हणतो, त्याला घरात कशाला घ्यायचं?’’ आम्ही त्याला म्हणालो, सगळे जग वापरते, तूच काय तो शहाणा. त्याने मुकाट्याने टाकून दिले.

दुसऱ्या आठवड्यात पंखा पुन्हा घोंघावू लागला.

या वेळी तो कधीही सुरू व्हायचा. कुणी खुर्चीवर नसतानाही. रात्री बाहेरच्या खोलीत दादी झोपतात. त्या म्हणाल्या, हे यंत्र झोपेत धावते. मुलीच्या फाइली सेव्ह व्हायला वेळ लागू लागला, दोनदा प्रोग्राम आपोआप बंद पडला आणि एकदा चार पानांची मांडणी गेली. संमेलनाला अठरा दिवस उरले होते. ओळखीच्या एका जाणकाराने फोनवरच निदान केले, कूलर नीट बसला नसणार, पेस्ट कमी पडली असणार.

निदान अगदीच निराधार नव्हते. प्रोसेसरच्या डोक्यावर धातूचा कूलर असतो आणि दोघांच्या मध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट. कूलर एका बाजूने उचललेला राहिला, किंवा त्याच्या तळाचा प्लास्टिकचा पापुद्रा काढायचा राहून गेला (असे खरोखर होते), तर उष्णता अडकते. या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंश सेल्सिअस. तिथवर गेला की तो स्वतःचा वेग कमी करतो. वेग कमी, काम तेवढेच. म्हणून तेच काम जास्त वेळ चालते आणि वापराचा आकडा खाली येत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते प्रोसेसरवर भार फार आहे, प्रत्यक्षात तो तापून मंदावलेला असतो.

पण मुलाने एक गोष्ट तपासली होती. कॉम्प्युटर सुरू होताना डिलीटचे बटण दाबून बायोसमध्ये गेले की तापमान दिसते. तिथे दहा मिनिटे ठेवले तरी ते पन्नासच्या आत राहत होते. विंडोज सुरू झाली आणि काही वेळ गेला की ऐंशी. तो म्हणाला, ‘‘कूलर टेकला नसता तर बायोसमध्येही आकडा चढत गेला असता. गडबड विंडोजच्या आत आहे.’’ बरोबर बोलत होता. आम्ही ऐकून घेतले नाही. चाळीस हजार पाण्यात घातलेस, दुकानातून तयार घेतला असता तर निदान जाब विचारायला कुणी असते, असे काहीबाही आम्ही बोललो. मुलगीही बोलली. पैसे तिचे होते, मुदत तिची होती, तिला फार दोष देता येत नाही. आम्ही त्याला कूलर काढायला लावला.

कूलर काढायचा असेल तर आधी कॉम्प्युटर थोडा वेळ चालवून पेस्ट कोमट होऊ द्यावी, मग वीज बंद करून वायर काढावी, चारही स्क्रू थोडे थोडे आडव्या क्रमाने सैल करावेत आणि कूलर सरळ वर न ओढता हलकेच डावीउजवीकडे फिरवत सोडवावा. हे त्याला माहीत होते. पण आम्ही चौघे डोक्यावर उभे, हात थरथरत होते, आणि कॉम्प्युटर सकाळपासून बंद म्हणजे पेस्ट गार. कूलर वर आला तो प्रोसेसरला चिकटवून घेऊनच. या जातीच्या प्रोसेसरच्या पोटाखाली १३३१ बारीक पिना असतात, केसासारख्या. एक वाकडी झाली तरी सगळे थांबते. त्याने मोबाइलचा टॉर्च लावून, श्वास रोखून, एकेक ओळ पाहिली. सगळ्या सरळ होत्या. पेस्ट पुसली, वाटाण्याएवढी नवी लावली, पुन्हा बसवले. तापमान तेच, ऐंशी. त्या रात्री तो आमच्याबरोबर जेवायला बसला नाही, नंतर अम्मीने ताट झाकून ठेवले ते कधीतरी उशिरा जेवला.

चोर सापडला तो मुलीमुळे. तिला रात्री काम करायची सवय. तिच्या लक्षात आले की पंखा घोंघावू लागला म्हणून टास्क मॅनेजर उघडला की दोन-चार सेकंदांत आवाज उतरतो. आकडा पाहावा तर तीन-चार टक्के. टास्क मॅनेजर बंद करून ती कामाला लागली की पाच मिनिटांत पुन्हा घोंघाट. तिने हे सात-आठ वेळा करून पाहिले आणि पहाटे भावाला उठवले. ‘‘आपण बघतो तेव्हाच हा गप्प बसतो रे.’’

इथे एक सावधगिरी सांगतो. टास्क मॅनेजर उघडताना स्वतःच थोडे काम घेतो, त्यामुळे पहिल्या सेकंदाला आकडा उसळून खाली येणे हा काही पुरावा नव्हे. सगळ्या कॉम्प्युटरांवर तसे होते. पंख्याचा आणि तापमानाचा पुरावा वेगळा. टास्क मॅनेजर उघडल्यावर तापमान ऐंशीवरून पन्नासवर येत असेल आणि बंद केल्यावर पुन्हा चढत असेल, तर आत कुणीतरी पाहारा ठेवून आहे.

असे प्रोग्राम असतात. टास्क मॅनेजर सुरू झाला आहे का, यावर ते नजर ठेवतात. त्याचे नाव दिसले की काम थांबवतात. मायक्रोसॉफ्टचेच ‘प्रोसेस एक्सप्लोरर’ नावाचे एक मोफत साधन आहे, टास्क मॅनेजरपेक्षा पुष्कळ खोलात दाखवणारे. पण चोरांना तेही नाव ठाऊक असते. मुलाने ते उतरवले आणि उघडण्याआधी फाइलीचे नाव बदलून टाकले. दादींचे नाव दिले. गणवेशातला पोलीस पाहून पळणारा साध्या कपड्यांतल्या पोलिसाला पाहून पळत नाही, तसे झाले. पंखा घोंघावत राहिला आणि यादीच्या टोकाला एक ओळ ६६ टक्क्यांवर स्थिर उभी राहिली. नाव ‘एसव्हीसीहोस्ट’. हे विंडोजच्या स्वतःच्या सेवा चालवणाऱ्या प्रोग्रामचे नाव आहे आणि प्रत्येक कॉम्प्युटरवर ते डझनांनी दिसते, त्यामुळे कुणाला संशय येत नाही. पण खऱ्याचा पत्ता ठरलेला असतो, सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधले सिस्टिम ३२. हा राहत होता प्रोग्रामडेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये. तयार झाल्याची तारीख होती ती आम्ही पेनड्राइव्ह आणला त्या दिवसाची.

मग विंडोज सिक्युरिटी उघडून डिफेंडरची ‘एक्सक्लूजन’ची यादी पाहिली. जे तपासायचे नाही ते या यादीत लिहितात. आम्ही कधी काही लिहिले नव्हते, तरी तिथे तो फोल्डर होता. अँटिव्हायरस बंद करा म्हणून सांगितले होते ते यासाठी. एवढ्या वेळात त्याने आत येऊन पहारेकऱ्याला स्वतःचे नाव सांगून ठेवले, की मला अडवू नकोस. टास्क शेड्युलरमध्येही एक ओळ सापडली, कॉम्प्युटर सुरू झाला की याला उठवायची.

हा करत काय होता? मोनेरो नावाचे एक आभासी चलन आहे, २०१४ साली सुरू झालेले. अशा चलनाचा हिशोब ठेवण्यासाठी कॉम्प्युटरला अवघड गणिते सतत सोडवावी लागतात आणि त्याच्या बदल्यात थोडे चलन मिळते. त्याला मायनिंग म्हणतात. बिटकॉइनच्या मायनिंगला खास यंत्रे लागतात. मोनेरोने मात्र नोव्हेंबर २०१९ मध्ये आपली पद्धत अशी बदलली की घरातल्या साध्या प्रोसेसरलाही ती गणिते जमावीत. हेतू चांगला होता, मोठ्या कारखान्यांची मक्तेदारी नको हा. पण त्यामुळे दुसऱ्याच्या घरातला प्रोसेसर फुकट राबवणे चोरांना परवडू लागले. कॉम्प्युटर आमचा, वीज आमची, कमाई कुठल्यातरी अनोळखी खात्यात. मुलाने हिशोब मांडला. साधारण साठ वॅट जादा, दिवसाला दहा तास, म्हणजे ०.६ युनिट. महिन्याला १८ युनिट. लाइट बिलात ते कुणाच्या लक्षातही आले नसते.

पैशाचे नुकसान एवढेच. भीती वेगळ्याची होती. ज्याला मायनिंगचा प्रोग्राम लपवून बसवता आला, त्याला ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्डही नेता येतात. मुलीचे ईमेल, बँकेचे लॉगिन, गिऱ्हाइकांच्या याद्या त्याच कॉम्प्युटरवर होत्या. म्हणून पहिले काम इंटरनेटची वायर काढण्याचे झाले. दुसरे, मोबाइलवरून, त्या कॉम्प्युटरवरून नव्हे, सगळे पासवर्ड बदलण्याचे आणि ईमेलमधून बाकी सर्व ठिकाणचे लॉगिन बंद करण्याचे.

डिफेंडरमध्ये ऑफलाइन स्कॅनची सोय असते. विंडोज सुरू होण्याआधीच ते तपासणी करते, त्यामुळे आतल्याला लपायला वेळ मिळत नाही. पंधरा-वीस मिनिटे लागतात. एक्सक्लूजनची यादी पुसून आम्ही ते चालवले. त्याने चोर पकडला आणि काढूनही टाकला. तरी मुलाने पूर्ण फॉरमॅट करायचे ठरवले. एक सापडला म्हणजे एकच होता असे कसे म्हणणार? शेजारच्या घरच्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज तयार करून घेतली. फोटो, पीडीएफ, मजकुराच्या फाइली तेवढ्या वाचवल्या; प्रोग्रामची एकही फाइल नेली नाही. सगळी एसएसडी कोरी करून पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा अपडेट, पुन्हा डिफेंडर, पुन्हा इंडेक्सर, पुन्हा शंभर टक्के. या वेळी कुणीही काही बोलले नाही. सकाळी आकडा दोनवर होता, तापमान चाळीसच्या आसपास.

दादींना आम्ही सोप्या भाषेत सगळे समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे विचारले, ‘‘म्हणजे चोरीचा माल घरात आणला, आणि त्यातून चोर निघाला. मग पोराला का बोलत होतात?’’

याला आमच्याकडे उत्तर नव्हते. त्या रात्री आम्ही मुलाच्या खोलीत गेलो. आम्ही चुकलो, असे आईबापांनी मुलाला म्हणायची आपल्याकडे फारशी सवय नसते. शब्द तोंडात घोळत राहतात. म्हणालो एकदाचे. तो म्हणाला, ‘‘अब्बा, कूलर काढताना फक्त मागे उभं राहू नका पुढच्या वेळी.’’

स्मरणिकेचे काम मात्र अवघड झाले. जुन्या सॉफ्टवेअरमधली पाने नव्या, मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जशीच्या तशी उघडेनात. मजकूर युनिकोडमध्ये होता म्हणून वाचला. मुखपृष्ठ आणि सजावट मुलीने इंकस्केपमध्ये नव्याने केली, आतली पाने लिब्रे ऑफिसमध्ये लावली. उर्दूची उजवीकडून डावीकडे जाणारी पाने त्यात नीट बसतात, हे तिला तेव्हा कळले. अकरा रात्री लागल्या. सवयीचे बटण सापडले नाही की ती अजूनही चिडते आणि म्हणते, जुने बरे होते. सॉफ्टवेअर म्हणून ते बरे होतेच, हे खोटे कशाला सांगा. आता कामाच्या पैशातून ती दरमहा थोडे बाजूला टाकते आहे, खरे विकत घ्यायला.

आमच्या ओळखीपाळखीत ही हकीकत पसरली आणि लोक आपापले कॉम्प्युटर घेऊन विचारू लागले. बहुतेकांचे दुखणे साधे निघाले. एकाच्या ब्राउझरमध्ये साठ टॅब उघडे. एकीच्या लॅपटॉपवर दोन अँटिव्हायरस एकमेकांच्या फाइली तपासत बसलेले. एक काढला आणि झाले. एका काकांकडे ‘सिस्टिम इंटरप्ट्स’ नावाची ओळ वीस टक्क्यांवर होती. ही ओळ सहसा एक-दोनच्या आत असते. ती वर गेली तर कुठलेतरी जोडलेले यंत्र किंवा त्याचा ड्रायव्हर सतत हाका मारतो आहे असे समजावे. यूएसबीत जोडलेल्या वस्तू एकेक करून काढत गेलो, तेव्हा जुना वेबकॅम निघाला. तपासायचा क्रम मात्र आमच्या मुलाने सगळ्यांना एकच घालून दिला आहे. नवी विंडोज असेल तर एक रात्र थांबा. मग काही न उघडता पाच मिनिटे बसा आणि यादीत वर कोण आहे ते पाहा, त्याचा पत्ता पाहा. बायोसमधले तापमान आणि विंडोजमधले तापमान ताडून पाहा. स्क्रूड्रायव्हर शेवटी.

परवा मामूंचा फोन आला. त्यांनाही जुना कॉम्प्युटर बदलायचा आहे. ‘‘सुटे भाग मी आणून ठेवतो, जोडायला भाच्याला पाठवा,’’ म्हणाले. विंडोज आणि बाकीचे सगळे त्यांच्या ऑफिसातल्या एकाकडे पेनड्राइव्हवर आहे, तेवढी काळजी नको, असेही म्हणाले. मुलाने फोन आमच्या हातातून घेतला. रविवारी पहाटेच्या गाडीने तो पुण्याला जातो आहे. पिशवीत स्क्रूड्रायव्हर आहे, पेस्टची नळी आहे आणि त्याने स्वतः तयार केलेला आठ जीबीचा पेनड्राइव्ह आहे.